तक्रार मॉलची, शिक्षा समोरच्या काकूंना

वाचकाचं पत्र

आम्ही घोडबंदर रोडला राहतो. डिसेंबर लागला की मला कसंतरीच होतं. मॉल, कार्टून, शाळा, सोसायटी, जिकडे तिकडे लाल टोप्या. मी स्वतः कॉन्व्हेंटमध्ये शिकले, कॅरोल्स अजून पाठ आहेत. तरी मुलाला दत्तजयंती कधी असते ते ठाऊक नाही आणि सँटाच्या गाडीच्या सगळ्या रेनडिअरची नावं मात्र पाठ, हे बघून राग येतो. मग वाटतं, आपण कोत्या मनाचे झालो की काय? यंदा त्याला (दुसरीत आहे) शाळेच्या नाताळच्या नाटकात मेंढपाळाचं काम मिळालंय. सासूबाई म्हणतात, पाठवायचं नाही. समोरच्या फ्लॅटमध्ये वसईचं कॅथलिक कुटुंब आहे, घरात मराठीच बोलतात. गेल्या वर्षी काकूंनी दिलेला केक, अंडं असेल म्हणून, आम्ही न खाता कामाच्या मावशींना देऊन टाकला आणि ते त्यांना कळलं. तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटल्या तर नुसती मान हलवतात. त्यात सोसायटीच्या ग्रुपवर 'लॉबीत झाड कशाला, तुळस ठेवा' यावरून जुंपली आहे आणि आमचे हे कमिटीवर आहेत. काय करू?
– एक आई, ठाणे

उत्तर

ताई,

वीट यायला मन कोतं असावं लागत नाही. ज्या सणाशी आपलं घरचं नातं नाही तो महिनाभर कानावर आदळत राहिला की कुणालाही नको होतं. फक्त हा राग निघतोय कुणावर ते बघा. मॉलवर काढता येत नाही, कार्टूनवर काढून उपयोग नाही, शाळेशी वाकडं घ्यायची भीती वाटते. मग हाताशी उरतात समोरच्या काकू. खरं तर तुम्हाला खुपणाऱ्या यादीतलं जवळपास काहीच त्यांच्या घरातून आलेलं नाही.

मुलाला पाठ असलेली ती नावंच घ्या. बायबलमध्ये रेनडिअर नाहीत. आठ नावं १८२३ साली अमेरिकेत छापल्या गेलेल्या एका कवितेतली आहेत, आणि लाल नाकाचा नववा १९३९ मध्ये शिकागोच्या एका दुकानसाखळीने गिऱ्हाइकांच्या पोरांना फुकट वाटायच्या पुस्तिकेसाठी तयार करून घेतला. सजवलेलं झाड ही जर्मन घरांतली रीत. १८४८ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र लंडनच्या साप्ताहिकात आलं आणि त्याची फॅशन झाली. सँटाच्या मुळाशी मात्र खरा ख्रिस्ती माणूस आहे: चौथ्या शतकातले, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे बिशप, संत निकोलस. त्यांचा सण ६ डिसेंबरला असतो. लाल कोटातला ढेरपोट्या म्हातारा हा पुढे चित्रकारांनी आणि जाहिरातवाल्यांनी घडवला.

गाण्यांचंही तेच. 'जिंगल बेल्स' हे १८५७ चं अमेरिकन गाणं, बर्फावरून घोड्याच्या घसरगाडीत बसून केलेल्या मौजेचं. त्यात ख्रिस्ताचा काय, नाताळचासुद्धा उल्लेख नाही. 'सायलेंट नाइट' तसं नाही. १८१८ मध्ये ऑस्ट्रियातल्या एका गावच्या चर्चमध्ये पहिल्यांदा म्हटलं गेलेलं ते भक्तिगीत आहे. तुम्हाला कॅरोल्स पाठ आहेत ना? मग एकदा शब्द नीट ऐकत गुणगुणा. कुठलं आपल्याला नुसतं गाणं म्हणून चालतं आणि कुठे आपण दुसऱ्याची आरती म्हणतोय, हे तुमचं तुम्हालाच कळेल. दुसऱ्याची आरती म्हणू नये असं आमचं मुळीच म्हणणं नाही. म्हणतोय ते माहीत असावं, इतकंच.

'अहो, ख्रिसमस आता सगळ्यांचाच झालाय, त्यात धर्मबिर्म काही नाही,' असं समजावणारे तुम्हाला भेटतील. त्यांचं फार मनावर घेऊ नका. हा येशूच्या जन्माचा सण आहे, ज्यांचा आहे त्यांच्यासाठी तो पूर्णपणे धर्माचा आहे आणि त्यापासून चार पावलं लांब राहावंसं वाटण्यात गैर काही नाही. त्याला 'नुसती धमाल' म्हटलं की तुमचा संकोच वेडगळ ठरतो आणि काकूंची श्रद्धा सजावट.

आता नाटक. बहुतेक शाळांत त्याची घडण एकच असते: मारिया आणि योसेफ, गोठा, देवदूत, मेंढपाळ आणि पूर्वेकडून आलेले तीन ज्ञानी. मेंढपाळ लूकच्या शुभवर्तमानातून (बायबलमधल्या येशूच्या चरित्रातून) येतात, ज्ञानी मत्तयच्या. ते तीनच होते असं मूळ मजकुरात नाही, भेटी तीन आहेत म्हणून माणसं तीन धरली जातात. मेंढपाळाचं काम सगळ्यात सोपं. रात्री कळप राखत बसायचं, देवदूत दिसला की दचकायचं, मग बाळ बघायला जायचं.

शाळेला एकच गोष्ट विचारा: हा कार्यक्रम नाटकाचा आहे की त्यात सामूहिक प्रार्थनाही आहे? दोन्हींत फरक आहे आणि तो कायद्यालाही मान्य आहे. राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला पालकांच्या संमतीशिवाय बसवता येत नाही. शाळा कुठल्याही धर्माच्या संस्थेची असो. पण कलम उगारत जाऊ नका, तशी वेळ क्वचितच येते. डायरीत एवढं लिहिलंत तरी पुरे: 'मेंढपाळाचं काम करायला आमची हरकत नाही. नंतर प्रार्थना असल्यास तो तेवढा वेळ वर्गात बसेल, कृपया तशी सोय करावी.' हे तालमी सुरू व्हायच्या आत द्या. घोळ दोन ठिकाणी होतो. एक, पालक वर्गाच्या ग्रुपवर विषय काढतात आणि तासाभरात त्याचं पानिपत होतं. दुसरं, कपडे शिवून झाल्यावर वीस तारखेला नकार कळवतात, आणि मग रडतं ते मूल.

आमचं मत विचाराल तर काम करू द्या. गोकुळाष्टमीला ख्रिस्ती घरातला मुलगा वसुदेव झाला तर तो हिंदू होत नाही. सासूबाईंच्या मनातली खरी धास्ती हीच असणार, म्हणून स्पष्ट लिहितो: माणूस ख्रिस्ती होतो तो बाप्तिस्म्याने, आणि बाप्तिस्मा हा पाण्याने आणि ठरलेल्या शब्दांनी करायचा विधी आहे. मोठ्या माणसाला त्याआधी बरीच तयारी करावी लागते, लहान मुलाच्या बाबतीत आईवडिलांनी मागावा लागतो. नाटकात काठी धरून उभं राहिल्याने तो होत नाही. उद्या कुणी मुलाच्या हातात पत्रकं देऊ लागलं किंवा 'तुमचा देव खोटा' असं शिकवू लागलं, तर मात्र त्याच दिवशी मुख्याध्यापकांना लेखी कळवा. ती वेगळी गोष्ट आहे आणि तिथे भीड ठेवायची नाही.

कपड्यांवर पैसे घालवू नका. वडिलांचा जुना झब्बा, कमरेला सुतळी, डोक्याला उपरणं, हातात काठी आणि खांद्यावर घोंगडी. घरात घोंगडी असेल तर त्याच्यासारखा मेंढपाळ सगळ्या नाटकात दुसरा दिसणार नाही. फक्त आतल्या बाजूला नाव शिवून द्या, कार्यक्रमानंतरच्या गोंधळात ती हमखास दुसऱ्याच्या पिशवीत जाते.

घरी गोष्ट सांगताना मुलगाच म्हणेल, 'हे तर कृष्णासारखंच!' खरंच आहे. तान्ह्या बाळांच्या जिवावर उठलेला राजा, इकडे कंस तिकडे हेरोद. बाळाला वाचवायला रात्री काढलेला पळ, इकडे गोकुळ तिकडे इजिप्त. साम्य सापडलं की मुलाला गोष्ट जवळची वाटते, त्याला खुशाल जोडू द्या. फक्त 'सगळं एकच रे' म्हणून विषय मिटवू नका. आपल्याकडे देव पुन्हा पुन्हा अवतार घेतो. ख्रिस्ती माणूस मानतो की तो एकदाच माणूस झाला. सात वर्षांच्या मुलाला एवढा फरक समजतो. आणि हो, तो दत्तजयंतीचा मुद्दा. ती मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे बहुतेक डिसेंबरातच येते. रेनडिअरची नावं पाठ होतात कारण ती रोज कानावर पडतात. पौर्णिमेआधी आठवडाभर रोज दहा मिनिटं घरात दत्ताची एकेक गोष्ट झाली तर तीही राहतील. कार्टून बंद करून काही साधणार नाही.

सासूबाईंच्या संशयाला इतिहासाची धार आहे, तो हसण्यावारी नेऊ नका. १५३४ मध्ये वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. पुढच्या दोनशे वर्षांत इथे देवळं पडली, बळजबरीही झाली. १७३७ मध्ये ठाणं आणि १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी घेतली. तिथल्या चर्चच्या घंटा सरदारांनी आणून देवळांत बांधल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यातलीच, भीमाशंकरचीही तशीच. सासूबाईंनी कदाचित ती वाजवलीही असेल. पण याच इतिहासाचं दुसरं पानही वाचायला हवं. पोर्तुगीज यायच्या दोनशे वर्षं आधी, १३२१ मध्ये, ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेल्याची नोंद आहे आणि तेव्हाही इथे ख्रिस्ती घरं होती. मासुंदा तलावाकाठचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च या शहराला नवं नाही. काकूंची माणसं बाहेरून आलेली नाहीत. त्यांचं कूळ वसईचं, बोली मराठी, आणि 'नाताळ' हा पोर्तुगीज शब्दसुद्धा पाव, बटाटा, चावी, पगार यांच्यासारखा आपण कधीच आपला करून टाकलाय.

आता काकू. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण चूक इथेच झाली आहे आणि ती दुरुस्त होण्यासारखी आहे.

केक न खाण्यात चूक नव्हती. नाताळच्या पारंपरिक केकमध्ये अंडी असतात आणि मनुका, बेदाणे, टुटीफ्रुटी बऱ्याच घरांत आठवडे न् आठवडे रममध्ये भिजवलेली असतात. 'भाजताना दारू उडून जाते' हे पूर्ण खरं नाही, थोडी उरतेच. त्यात २५ डिसेंबर कधी मार्गशीर्षात येतो, कधी पौषात. मार्गशीर्षात आला आणि घरात गुरुवारची महालक्ष्मी असेल तर प्रश्नच मिटला. चुकलं ते एवढंच, की आधी सांगितलं नाही. काकूंनी आठवडाभर राबून केलेली वस्तू परस्पर दुसऱ्याकडे गेली आणि कळलं तेही तिसऱ्याकडून.

तेव्हा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जा. ख्रिस्ती घरांत फराळाची लगबग साधारण त्यानंतरच सुरू होते. फोनवर नाही, मेसेजवर नाही, दारात उभं राहून. म्हणा: 'काकू, गेल्या वर्षी केकचं आमचं चुकलं. आमच्याकडे अंडं आणि दारू चालत नाही, हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. यंदा त्यातलं काही नसेल ते थोडं द्या.' बस. सासूबाईंचं नाव घेऊ नका, त्याने दोन्ही घरं दुखावतात. आणि 'आम्ही शुद्ध शाकाहारी' तर अजिबात नको. तुमच्या तोंडी तो नुसता सवयीचा शब्द असेल, समोरच्याला मात्र ऐकू येतं की आपण अशुद्ध.

त्यांच्या ताटातलं काय चालेल ते साधारण असं. करंजी तीच, फक्त सारणाला जरा वेगळं वळण. पेरूचं चीज म्हणजे पेरूचा गर, साखर आणि लिंबू आटवून केलेल्या वड्या. नावात चीज असलं तरी आत नसतं, थोडं लोणी असतं. दोदोल तांदळाचं पीठ, काळा गूळ आणि नारळाच्या दुधाचा. मिल्क क्रीम म्हणजे दूध-साखर-काजूच्या साच्यातल्या वड्या. मार्झिपानबद्दल विचारा, बदाम-काजूच्या त्या मिठाईत पुष्कळ जणी अंड्याचा पांढरा भाग घालतात, तोही कच्चा. कुलकुल, म्हणजे शंकरपाळ्यांसारखे तळलेले गोड शिंपले, काही घरी अंड्याचे असतात, काही घरी बिनअंड्याचे. विकतचं काही आलं तर पाकिटावर बघा: हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका असेल तर शाकाहारी. आपल्याकडच्या नियमांत अंडं मांसाहारात धरतात, त्यामुळे अंड्याच्या केकवर तपकिरी त्रिकोण असतो.

ताट रिकामं परत करायचं नाही हे तुम्हाला सांगायला नको. आमची सूचना अशी की त्यात बिनअंड्याचे कुलकुलच घालून द्या, आणि ते सासूबाईंकडून करवून घ्या. ज्यांना शंकरपाळे येतात त्यांना हे येतात. अर्धा किलो मैदा, ५० ग्रॅम बारीक रवा, १०० ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ, दोन मोठे चमचे कडकडीत तुपाचं मोहन आणि लागेल तसं नारळाचं दूध, साधारण २०० मिली. घट्ट मळून ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. बोराएवढी गोळी घेऊन काट्याच्या पाठीवर, तेलाचं बोट लावून, अंगठ्याने दाबत पसरायची आणि टोकाकडून गुंडाळत आणायची. वर रेघांचा शिंपला उमटतो. शेवटची कड नीट दाबा, नाहीतर तेलात उलगडते. साखर किंवा मोहन जास्त झालं तर कुलकुल तेलात फुटतात. पीठ सैल राहिलं की रेघा बुजतात. तेल फार तापलं तर वरून लाल होतात आणि आत पिठूळ लागतात. मंद आचेवर, थोडे थोडे तळा. वरून साखर हवी असेल तर दोनतारी पाकात घालून तो पांढरा होऊन चिकटेपर्यंत हलवत राहा. काटा मुलाच्या हाती द्या, निम्मे वाकडे होतील, होऊ देत.

काकू पुन्हा बोलत्या झाल्या आणि चोवीसच्या रात्री मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, चला म्हणाल्या तर जायला हरकत नाही, न जायलाही नाही. गेलात तर अंगभर कपडे, फोन बंद, चपला काढायच्या नाहीत. लोक उठतील तेव्हा उठा, बसतील तेव्हा बसा. गुडघे टेकले नाहीत तरी चालतं. एकच गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: शेवटाकडे लोक रांगेत पुढे जाऊन पांढरी चकती घेतात तो प्रसाद नाही. कॅथलिकांसाठी ते प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर असतं आणि बाप्तिस्मा न झालेल्यांनी ते घ्यायचं नसतं. तेवढ्यात बाकावर बसून राहायचं. मुलाला आधी सांगून ठेवा. प्रसाद समजून हात पुढे करणारी मुलं दर वर्षी असतात आणि मग सगळ्यांनाच अवघडतं.

काकूंकडे गप्पा मारताना आणखी एक सांभाळा. तुम्हाला सँटाचा कंटाळा येतो तसा त्यांना हिंदी सिनेमातल्या ख्रिश्चनांचा येत असणार. झिंगलेला अंकल, फ्रॉकमधली पोरगी, प्रत्येक वाक्याला 'मॅन', आणि कथानक अडलं की कबुलीजबाब ऐकून गुपित फोडणारा पाद्री. प्रत्यक्षात ते गुपित फोडायला धर्मगुरूला सक्त मनाई असते, जीव गेला तरी. वसईच्या वाडीत केळी आणि फुलं काढणारी, लुगडं नेसणारी ख्रिस्ती आजी पडद्यावर क्वचितच दिसते. त्यामुळे 'आज पार्टी का, वाइन आहे ना?' हा विनोद नको. 'नाताळच्या शुभेच्छा, काकू' हे मराठीतून म्हणा, पुरे.

लॉबीचं भांडण तुमच्या ह्यांनी दोन मिनिटांत संपवावं असं आहे, पण आधी एक फोन करायचा राहिलाय: इमारतीतल्या ख्रिस्ती घरांना. झाड उभारणारे आणि नको म्हणणारे, दोघांपैकी कुणीच त्यांना विचारलेलं नसतं, हे बहुतेक सोसायट्यांत दिसेल. झाड ठेवायचं ठरलं तर ऐच्छिक वर्गणीतून ठेवा, मेंटेनन्समधून नको. पाच-सहा फुटांचं पुरे, आगीच्या नळाच्या आणि जिन्याच्या वाटेत येणार नाही असं. गव्हाणीचा देखावा मात्र लॉबीत मांडू नका. घराघरांत बाळ येशूची मूर्ती चोवीसच्या रात्रीपर्यंत ठेवतच नाहीत, पाळणा रिकामा असतो. लॉबीत पोरं ती मूर्ती घेऊन धावली की दुखावली जाणारी माणसं शेजारचीच असतील. तुळशीबद्दल ग्रुपवर एवढंच टाकावं: 'तुळशीचं लग्न कार्तिकात झालं, पुढच्या कार्तिकातही होईल. झाड २० डिसेंबर ते ६ जानेवारी राहील. रात्री दहानंतर लाउडस्पीकर नाही.' आणि उत्तरं देत बसू नये.

घरात सँटा आणायचा की नाही हा तुमचा प्रश्न, पण डिसेंबर उजाडायच्या आत ठरवा. आणायचा तर एकच भेट, रक्कम आधी ठरवून, आणि 'शहाण्या मुलालाच मिळते' हे वाक्य गाळून. शेजारच्याला सायकल मिळाली की आपलं पोर स्वतःला वाईट समजू लागतं. नाही आणायचा तर त्याला संत निकोलसांची गोष्ट सांगा आणि हेही सांगा, की बाकीच्यांच्या घरी हा मोठ्यांनी चालवलेला खेळ असतो, तो वर्गात जाऊन फोडायचा नाही.

ता.क. काकूंशी बोलणं सुरू झालं की मार्च-एप्रिलमध्ये त्यांना 'हॅपी गुड फ्रायडे' पाठवू नका. तो क्रुसावरच्या मृत्यूचा, उपवासाचा दिवस असतो. शुभेच्छा दोन दिवसांनी, ईस्टरच्या रविवारी.